साखर बंद केल्याने टायफॉईडच्या जंतूचं काही बिघडत नाही

पत्र

नमस्कार डॉक्टर,
आम्ही नवी मुंबईत राहतो. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला गेल्या आठवड्यात ताप आला. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर विडाल पॉझिटिव्ह आली, ओ १६० आणि एच १६०. डॉक्टरांनी टायफॉईडच्या गोळ्या सुरू केल्या आणि दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. पण २०१८ मध्ये महापालिकेच्या मोहिमेत त्याला टायफॉईडची लस दिली होती. ती वाया गेली का? त्यात मिस्टरांना व्हॉट्सॲपवर एक लेख आला, की पोटातल्या घातक जंतूंच्या अंगावर साखरेचं आवरण असतं आणि त्याच्या जोरावर ते माणसाला आजारी पाडतात. तेव्हापासून सासूबाईंनी मुलाची साखर, गूळ, केळी सगळं बंद केलंय. दूधही बिनसाखरेचं. पोरगं रडकुंडीला आलंय. धाकटी चार वर्षांची आहे, तिला लस दिलेली नाही. द्यावी का? शेवटचं विचारायला संकोच वाटतो. सासूबाईंना वीसेक वर्षांपूर्वी टायफॉईड झाला होता, त्यांच्या पित्ताशयात खडे आहेत आणि घरचा स्वयंपाक त्याच करतात. त्यांच्याकडून तर आलं नसेल? हे त्यांच्याजवळ कसं काढू?
– एक आई

उत्तर

ताई, आधी त्या पोराला केळं द्या, दुधात साखर घाला आणि मग पुढचं वाचा.

मिस्टरांना आलेला लेख खोटा नाही. आतड्यातून शरीरात शिरणाऱ्या काही जंतूंच्या अंगावर शर्करेचं आवरण असतं, त्याला कॅप्सूल म्हणतात, आणि आजार घडवण्यात त्याचा मोठा हात असतो. इथवर सगळं बरोबर. पण त्यावरून घरात जे पथ्य निघालं, तिथे गाडी घसरली. टायफॉईडच्या जंतूचं आवरण 'व्हीआय' या नावाने ओळखलं जातं. एकाच प्रकारच्या आम्लधर्मी शर्करेचे कण एकापुढे एक जोडून झालेली ती लांबलचक साखळी असते. जंतू ती स्वतःच्या पेशीत तयार करतो आणि पृष्ठभागावर आणून सोडतो. त्यासाठी लागणारा कच्चा माल त्याला स्वतःची पेशीभित्ती बांधायलाही लागतो, त्यामुळे तो त्याच्याकडे कायम शिल्लक असतो. तुमच्या डब्यातल्या साखरेची त्याला वाट पाहावी लागत नाही. शिवाय आपण खाल्लेली साखर लहान आतड्याच्या वरच्या भागातच रक्तात शोषली जाते, आणि ताप चढेपर्यंत टायफॉईडचे बहुतेक जंतू आतड्यातून निघून यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेत, तेही पांढऱ्या पेशींच्या पोटात, जाऊन बसलेले असतात. गूळ बंद केला म्हणून तिथे कुणाची उपासमार होत नाही. उपासमार होते ती पोराची.

तापात शरीराला जास्त ऊर्जा लागते. पूर्वी मुदतीच्या तापात रुग्णाला आठवडेच्या आठवडे नुसत्या पेजेवर ठेवायचे आणि माणूस तापातून उठला तरी सापळा होऊन उठायचा. आता तसं कुणी सांगत नाही. घरचं, मऊ, ताजं शिजवलेलं, तो मागेल तितकं द्या. खिचडी, वरणभात, दही, केळं, शिरा. सासूबाईंना एक गोष्ट मात्र जरूर सांगा: जुलाबात आपण जे ओआरएस देतो, त्यात मीठ आहे तसं ग्लुकोजही आहे, लिटरमागे साडेतेरा ग्रॅम. ग्लुकोजशिवाय आतडं मीठ आणि पाणी नीट ओढूनच घेत नाही. पोट बिघडलेल्या मुलाला साखर विष असती, तर जगभरातल्या दवाखान्यांनी हे पाकीट कधीच फेकून दिलं असतं.

आता त्या आवरणाकडे येते, कारण तुमच्या लशीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

कोकणातला शेतकरी भातलावणीला निघताना इरलं घेतो, घरात बसताना घेत नाही. टायफॉईडचा जंतू नेमका असाच वागतो. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो आतड्यात येतो तेव्हा त्याच्या अंगावर आवरण जवळजवळ नसतंच. तिथे त्याला शेपट्यांनी पोहायचं असतं आणि सुईसारख्या एका यंत्रणेने आतड्याच्या भिंतीतल्या पेशींत घुसायचं असतं. अंगावर जाड थर असला तर हे दोन्ही अडतं. आतड्याच्या पोकळीत क्षारांचं प्रमाण जास्त असतं. भिंत ओलांडून तो आतल्या ऊतीत पोचला की ते कमी होतं. हा फरक जंतूला कळतो. मग 'टीव्हीआयए' नावाचं एक जनुक कामाला लागतं. शेपट्या बनवणं थांबतं, सुई बंद होते आणि व्हीआयची साखळी भराभर अंगावर चढते.

चढते ती कशासाठी? आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात. ती उघड्या जंतूला चिकटली की पांढऱ्या पेशींना तो पटकन सापडतो. जंतूच्या बाह्य पटलावर असे काही रेणूही असतात की जे दिसताच आपली प्रतिकारयंत्रणा बोंब ठोकते. व्हीआयचं आवरण या दोन्हींच्या मधे येतं. प्रथिनं नीट चिकटत नाहीत, खालचे रेणू झाकले जातात आणि शरीराला शत्रू घरात आल्याचा पत्ता उशिरा लागतो.

याचा परिणाम तुम्ही घराघरांत पाहिला असेल, फक्त कारण ठाऊक नसतं. टायफॉईडच्याच कुळातले दुसरे साल्मोनेला जंतू, जे कच्च्या अंड्यातून किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून येतात, त्यांना हे आवरण नाही. ते पोटात गेले की अर्ध्या दिवसापासून तीन दिवसांच्या आत उलट्या, जुलाब, पोटात कळा. आतड्यात पांढऱ्या पेशींचा लोंढा येतो, मोठा गोंधळ होतो आणि बहुतेकांचा आजार आठवड्याभरात तिथल्या तिथे मिटतो. टायफॉईड याच्या उलट. एक-दोन आठवडे काहीच जाणवत नाही. मग ताप हळूहळू पायऱ्या चढल्यासारखा वर जातो. जुलाब असतातच असं नाही, उलट पुष्कळांना बद्धकोष्ठ होतं. आजार उघडा पडेपर्यंत 'नेमकं काय खाल्लं होतं' हे कुणाला आठवतही नाही.

पण सगळा दोष आवरणावर टाकता येत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये कैदी स्वयंसेवकांना टायफॉईडचे जंतू मुद्दाम पाजून प्रयोग झाले. (तुरुंगात असं काही आज कुठलीही नैतिकता समिती करू देणार नाही.) आवरण असलेल्या जंतूंनी जास्त लोकांना पाडलं, पण आवरण नसलेल्यांनीही काहींना पाडलंच. हगवणीच्या शिगेलाच्या बहुतेक प्रकारांना कॅप्सूल नसते. पटकीचा नेहमीचा ओ-१ जंतू बिनआवरणाचा, आणि १९९२ साली मद्रास आणि बंगालच्या बाजूला उद्भवलेला ओ-१३९ मात्र आवरणवाला. नवजात बाळाला मेंदूज्वर करणाऱ्या ई. कोलायच्या के-१ प्रकाराची तर कमालच आहे. त्याचं आवरण आपल्याच चेतापेशींवर असतं त्याच शर्करेचं, त्यामुळे शरीर त्याला परकं मानायलाच तयार होत नाही. आणि गंमत म्हणजे तुमच्या-माझ्या आतड्यात गुण्यागोविंदाने राहणाऱ्या बॅक्टेरॉइडिस या जंतूंच्या अंगावरही शर्करेची आवरणं असतात. त्यांतलं एक आवरण आतड्याचा दाह शांत करतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा 'साखरेचं आवरण म्हणजे वाईट जंतू' हे समीकरणही चालणार नाही.

हे आवरण डोळ्यांना कसं दिसतं ते सांगते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, टायफॉईडच्या रुग्णाच्या रक्तातून वाढवलेली जंतूंची वसाहत आम्ही काचपट्टीवर सलाइनच्या थेंबात कालवायचो. त्यात 'ओ-९' नावाचं प्रतिद्रव्य (अँटिबॉडी) टाकायचं, ते जंतूच्या आवरणाखालच्या 'ओ' पृष्ठभागाला धरतं. जंतू टायफॉईडचा असेल तर क्षणात दाणे धरून दूध नासल्यासारखं दिसायला हवं. पण पुष्कळदा थेंब तसाच गढूळ, दाणा नाही. नवशिक्याला वाटतं, हा टायफॉईड नव्हे. मग तेच मिश्रण नळीत घालून उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं धरायचं, गार करायचं आणि पुन्हा तोच थेंब टाकायचा. आता लगेच दाणे! उष्णतेने व्हीआयचं आवरण सुटून गेलेलं असतं आणि ओ उघडा पडलेला असतो. न उकळलेल्या मिश्रणात व्हीआयचं प्रतिद्रव्य टाकलं तर तिथेही झटक्यात दाणे धरतात. १९३४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर फेलिक्स आणि मार्गारेट पिट यांना हे आवरण सापडलं ते याच वाटेने. ओ-प्रतिद्रव्याला दाद न देणारे जंतू उंदरांना जास्त मारतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

आता तुमच्या मुलाची विडाल. फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरांनी ती १८९६ मध्ये काढली आणि त्या काळात ती मोठीच गोष्ट होती. रिपोर्टातला ओ म्हणजे आवरणाखालच्या पृष्ठभागाविरुद्धची प्रतिद्रव्यं, आणि एच म्हणजे शेपट्यांविरुद्धची. व्हीआयचा त्यात संबंधच नाही. मुलाला मिळालेल्या लशीत ओ नसतं आणि एचही नसतं, त्यामुळे लशीमुळे विडाल पॉझिटिव्ह आली असंही म्हणता येत नाही. (जुन्या लोकांना टायफॉईडवरची टीएबीची सुई आठवत असेल, दंड सुजायचा, ताप भरायचा. तिच्यात अख्खे मारलेले जंतू असत आणि तिने विडाल वर जायची.) पण आपल्याकडे टायफॉईड मुरलेला आहे. कधीतरी जंतूंशी गाठ पडलेली असते, आणि धडधाकट माणसाच्या रक्तातही १६० सारखे आकडे सापडतात. दुसऱ्या कुठल्या तापातही ते वर जातात. खऱ्या टायफॉईडमध्ये ही प्रतिद्रव्यं वाढायला साधारण आठवडा लागतो. तिसऱ्याच दिवशी दिसलेला आकडा बहुधा जुन्या ओळखीचा असतो. टायफीडॉट आणि तसल्या झटपट पट्ट्यांवरही माझा फारसा विश्वास नाही.

दुसरी खूण तुम्हीच लिहिली आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. टायफॉईडवर योग्य औषध सुरू केलं तरी ताप पूर्ण उतरायला बहुधा चार ते सहा दिवस लागतात. तुमच्या मुलाचा दुसऱ्याच दिवशी उतरला. तीन-चार दिवसांचा एखादा विषाणूचा ताप आपला आपण गेला आणि श्रेय गोळीला मिळालं, असं होण्याची शक्यता मला जास्त दिसते. लशीला नापास करण्याआधी हा आजार टायफॉईड होता का, हेच अजून ठरायचं आहे. मात्र माझ्या या उत्तरावरून गोळ्या मधेच सोडू नका. मुलाला तपासलेल्या डॉक्टरांकडे रिपोर्ट घेऊन जा, ताप किती वाजता किती होता ते लिहून न्या, आणि 'कोर्स पूर्ण करायचा का' हे थेट विचारा.

ठरवायचं कसं, तर ब्लड कल्चरने, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून. टायफॉईडमध्ये रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण एखादाच जिवंत जंतू असतो. म्हणून कल्चरला रक्त जास्त लागतं, मोठ्या माणसाचं आठ-दहा मिलिलिटर, आणि म्हणूनच ते अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी काढायचं असतं. इतकं करूनही खऱ्या रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपासच सापडतात, उरलेले निसटतात. तरीही सापडला तर जंतू कोणता आणि कुठलं औषध त्याला लागू पडतं, दोन्ही कळतं. आपल्याकडे हे दुसरं फार कामाचं आहे, कारण एकेकाळी हमखास चालणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनला भारतातले बहुतेक टायफॉईडचे जंतू आता जुमानत नाहीत. पुढच्या वेळी घरात कुणाचाही ताप तीन दिवसांपलीकडे गेला, तर विडालचे पैसे वाचवा आणि कल्चर मागा.

लशीबद्दल. नुसतं व्हीआय शुद्ध करून बनवलेली लस १९८० च्या दशकात आली. नेपाळ आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्यांत तिने चांगलं संरक्षण दिलं. पण नुसत्या शर्करेची अडचण अशी, की तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात पण टी-पेशींची, म्हणजे प्रतिकाराची आठवण पक्की करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, मदत मिळत नाही, त्यामुळे शरीर ती फार काळ लक्षात ठेवत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर तर तिची दखलच घेत नाही, आणि मोठ्यांनाही दोन-तीन वर्षांनी सुई पुन्हा टोचावी लागते. यावरचा उपाय जुनाच होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गोबेल आणि ॲव्हरी यांनी १९२९ मध्येच दाखवलं होतं, की शर्करा प्रथिनाला जोडून दिली की शरीर तिला गांभीर्याने घेतं. पुढे अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन रॉबिन्स आणि रॅचेल श्नीरसन यांनी याच युक्तीने आधी हिब या मेंदूज्वर करणाऱ्या जंतूवरची लस केली आणि मग व्हीआयकडे मोर्चा वळवला. आपल्या हैदराबादच्या भारत बायोटेकने व्हीआयला धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाची जोड दिली. ती लस भारतात २०१३ पासून मिळते. नेपाळच्या मुलांमधल्या चाचणीत तिने टायफॉईडचं प्रमाण सुमारे ८२ टक्क्यांनी कमी केलं, मलावीत ८१ आणि बांगलादेशात ८५ टक्क्यांनी.

२०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना दिली ती हीच लस, आणि सरकारी यंत्रणेमार्फत अशी मोहीम होण्याची ती पहिलीच वेळ होती. तुमच्या मुलाचं कार्ड काढून बघा. 'टीसीव्ही' किंवा 'कॉन्जुगेट' (म्हणजे प्रथिनाला जोडलेली) लिहिलेलं असेल तर ती हीच. त्याच सुमारास पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, तिथल्याही हैदराबाद शहरात, जवळजवळ कुठल्याच नेहमीच्या औषधाला न बधणारा टायफॉईड पसरला, तेव्हा आपल्या हैदराबादची लस त्यांच्या मुलांना दिली गेली. औषधं निकामी झाली होती, पण व्हीआयचं आवरण जागेवर होतं, म्हणून लस चालली.

८२ टक्के म्हणजे शंभर टक्के नव्हे, आणि वर्षं सरतात तसं संरक्षण कमी होत जातं. मलावीत चार वर्षांनंतरही ते छान टिकलेलं दिसलं, बांगलादेशात बरंच उतरलं. त्यामुळे तुमच्या मुलाला लस घेऊनही टायफॉईड होणं अशक्य मुळीच नाही. आणखी एक फट आहे. पॅराटायफॉईड-ए नावाचा जंतू अगदी टायफॉईडसारखाच ताप आणतो, पण त्याला व्हीआयचं आवरण नाही. तो दुसऱ्या युक्तीने लपतो. व्हीआयच्या लशीला त्याच्यावर पकडायला काही मिळतच नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दोघांवर मिळून एक लस केली आहे आणि तिची माणसांवरची पहिली चाचणी झाली आहे, पण ती अजून दवाखान्यात मिळत नाही.

धाकटीला लस द्या, दोनदा विचार करू नका. सहा महिन्यांपुढच्या मुलांना चालते, मांडीत किंवा दंडात एकच सुई. फक्त त्या दिवशी तिला ताप नसावा. बालरोगतज्ज्ञांकडे मागताना 'टायफॉईड कॉन्जुगेट' असं नाव घेऊन मागा. शहरात राहता म्हणून मी जास्त आग्रह धरते. काही वर्षांपूर्वी देशात चार ठिकाणी मुलांची पाहणी झाली. वेल्लोर, दिल्ली आणि कोलकात्याच्या शहरी वस्त्यांत लाखामागे वर्षाला साधारण पावणेसहाशे ते पावणेबाराशे मुलांना कल्चरने सिद्ध झालेला टायफॉईड होता. पुण्याजवळच्या ग्रामीण भागात तो आकडा ३५ निघाला. थोरल्याला पुन्हा सुई द्यायची का, हे कार्ड बघून तुमचे डॉक्टर ठरवतील. घाई नाही.

राहिल्या सासूबाई. तुमचा संशय अगदीच हवेतला नाही. टायफॉईड झालेल्या शंभरातल्या दोन-चार जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षं ठाण मांडतो, खड्यांवर थर करून राहतो आणि शौचातून बाहेर पडत राहतो. त्या माणसाला स्वतःला काहीच होत नाही. असं होण्याची शक्यता बायकांत, मोठ्या वयात आणि पित्ताशयात खडे असताना वाढते. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन यातलीच. १९०७ मध्ये तिला पकडलं, मधली पाच वर्षं सोडलं आणि १९१५ पासून १९३८ मध्ये मरेपर्यंत एका बेटावर डांबून ठेवलं. तपास करणाऱ्या सोपरचा संशय तिच्या कच्च्या पीचच्या आइस्क्रीमवर होता, कारण उकळत्या पदार्थात हा जंतू जगत नाही. मेरीशी जे वागले ते मला आजही अन्यायाचं वाटतं. जंतू बाळगणं हा कुणाचा गुन्हा नसतो.

पण इतकी वर्षं घरात त्यांच्याच हातचं जेवताय आणि दुसऱ्या कुणाला काही झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. शहरात गाड्यावरचं पाणीपुरीचं पाणी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं, पावसाळ्यात गटाराजवळून जाणारी फुटकी जलवाहिनी, हे सगळे त्यांच्याआधी रांगेत उभे आहेत. आणि मुळात मुलाला टायफॉईड झाला होता की नाही, हेच नक्की नाही. तेव्हा 'आई, तुमच्यामुळे' हे वाक्य घरात उच्चारू नका, मिस्टरांच्या तोंडूनही नको.

खड्यांसाठी त्यांना तसंही डॉक्टरांना दाखवायला हवं. निमित्त तेच ठेवा. तिथे डॉक्टरांना आधी एकट्याने सांगा, की जुना टायफॉईड आहे, शौचाचं कल्चर करून घेऊया. मग सांगतील ते डॉक्टर, खड्यांच्या तपासण्यांतली आणखी एक म्हणून. कल्चर एकदा करून भागत नाही, कारण जंतू रोज बाहेर पडत नाही. वेगवेगळ्या दिवशी निदान तीन नमुने हवेत. रक्तातल्या व्हीआय-प्रतिद्रव्यांवरूनही असा वाहक ओळखता येतो, कारण त्याच्या शरीरात ते आवरण वर्षानुवर्षं असतं, पण ती तपासणी सहज मिळत नाही, आणि लस घेतलेल्या माणसात तिचा अर्थ लावता येत नाही. जंतू सापडलाच तर आज उपाय आहे: लांब मुदतीचं योग्य अँटिबायोटिक, आणि खड्यांमुळे ते पुरलं नाही तर पित्ताशय काढणं, जे खडे त्रास देत असतील तर एरवीही करावंच लागतं.

तोवर त्यांनी स्वयंपाक थांबवायची गरज नाही. शौचाला जाऊन आल्यावर साबणाने हात, नखांच्या खाचेपर्यंत, हा नियम सगळ्या घराला एकदम लावा म्हणजे तो एकटीवर येणार नाही. कोशिंबीर, चटणी, फ्रिजमधलं गोड तेवढं काही दिवस तुम्ही करा. नमुन्याची डबी आदल्या दिवशीच लॅबमधून आणून ठेवा, सकाळचा नमुना शक्य तितक्या लवकर पोचवा, आणि त्यांची कुठली अँटिबायोटिकची गोळी चालू असेल तर ती संपेपर्यंत नमुना देऊ नका.